ही वस्तू इथे आली कशी?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



समितीने फोनवर विषय सांगितला होता 'परदेशातील अनुभव'. तो मला पेलणारा नाही. मुलीकडे लंडनला मी तीन वेळा जाऊन आले खरी, पण त्यातला निम्मा वेळ नातवाला सांभाळण्यात गेला, आणि नातू इथेही तसाच रडतो. म्हणून समितीची परवानगी घेऊन विषय आखूड केला. एकच इमारत, ब्रिटिश म्युझियम. तिथे मी मोजून एकोणीस वेळा गेले. एवढ्या वेळा जाण्याचं पहिलं कारण अगदी साधं आहे, तिथे तिकीट नाही. खास प्रदर्शनांना पैसे पडतात, पण कायमची दालनं सगळ्यांना फुकट. पेन्शनरला आणखी काय हवं?

दुसरं कारण माझ्या नोकरीत आहे. मी चौतीस वर्षं बँकेत होते, त्यातली शेवटची बरीच वर्षं इन्स्पेक्शनला. त्या खात्यात माणसाचा स्वभाव बिघडतो. कुठलीही नोंद दिसली की व्हाउचर कुठे आहे, हे विचारल्याशिवाय पुढचं पान उलटता येत नाही. म्युझियममध्येही माझं तेच झालं. लोक मूर्तीचा चेहरा बघत होते आणि मी खालच्या पाटीवर शोधत होते, ही वस्तू इथे आली कशी? कोणी दिली, कोणी विकली, कोणी उचलली? हळूहळू लक्षात आलं की वस्तू घडवणाऱ्याचा इतिहास एक, आणि ती लंडनला येऊन पोचण्याचा इतिहास दुसरा. दोन्ही एकाच काचेमागे असतात. आपण बहुतेक वेळा पहिलाच वाचून पुढे जातो.

थोडी माहिती आधी देते, म्हणजे अंदाज येईल. हान्स स्लोन नावाचा एक श्रीमंत डॉक्टर होता. त्याने आयुष्यभर जमवलेल्या सुमारे ७१,००० वस्तू त्याच्या मृत्यूनंतर सरकारने घेतल्या, १७५३ मध्ये पार्लमेंटने कायदा केला आणि १७५९ मध्ये म्युझियम लोकांसाठी उघडलं. वारसांना २०,००० पौंड द्यायचे होते, त्यासाठी चक्क लॉटरी काढली. आज तिथे सुमारे ८० लाख वस्तू आहेत. त्यातल्या मांडलेल्या किती? साधारण ८०,०००. म्हणजे शंभरातली एक. उरलेल्या नव्याण्णव कपाटात. हा स्लोन ज्या पैशावर संग्रह करत होता, त्यातला काही पैसा त्याच्या बायकोकडून आलेल्या जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा होता, आणि ते मळे गुलामांच्या कष्टावर चालत. २०२० मध्ये म्युझियमने त्याचा पुतळा एका कपाटात हलवला आणि शेजारी हे लिहून ठेवलं. म्हणजे संस्थापकाचं व्हाउचरही आता फाइलला लागलं आहे.

आता दालनांकडे येते. सगळं म्युझियम एका दिवसात बघायला जाऊ नका. सहलीच्या बसमधून उतरून आपली माणसं ममी, रोझेटा स्टोन, ग्रीक पुतळे असं धावत धावत उरकतात आणि बाहेर पायऱ्यांवर बसून ठेपले खातात. ठेप्ल्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण एका वेळी दोन दालनं, त्याहून जास्त नाही, असा नियम मी केला होता.

माझं सर्वांत आवडतं दालन इराकचं, म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियाचं. तिथे साध्या मातीच्या टिकल्या आहेत. ओल्या मातीवर बोरूने खुणा उमटवायच्या आणि वाळवायच्या. एक टिकली पाच हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर काय आहे? कामगारांना वाटलेल्या बिअरचा हिशोब! तळाशी निमुळतं भांडं म्हणजे बिअर, वाडग्याला तोंड लावलेलं डोकं म्हणजे शिधा, आणि बाजूला टोचलेले आकडे. माणसाने लिहायला सुरुवात केली ती हिशोबासाठी, हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! शाळेत निबंधात मला कधीच चांगले मार्क मिळाले नाहीत, पण खतावणी माझी पहिल्यापासून टॅली व्हायची.

त्याच दालनात तळहाताएवढी आणखी एक टिकली आहे, इसवी सनपूर्व १७५० च्या आसपासची, ऊर शहरातली. ते आहे एका गिऱ्हाइकाचं तक्रारपत्र. नन्नी नावाच्या माणसाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहिलंय, की तुम्ही चांगला माल देतो म्हणालात आणि भिकार तांबं पुढे केलंत, माझ्या माणसाला घ्यायचं तर घे नाहीतर चालता हो म्हणालात, आता यापुढे मी माझ्या अंगणात एकेक तुकडा पारखून घेईन. काउंटरवर बसलेल्या कोणालाही विचारा, हे पत्र त्याने आयुष्यात दोनशे वेळा वाचलेलं असतं. फरक इतकाच की तेव्हा ते मातीवर लिहिलं म्हणून पावणेचार हजार वर्षं टिकलं.

ऊरच्याच राजघराण्याच्या थडग्यांतून निघालेले दागिने शेजारी मांडले आहेत. त्यात लालसर दगडाचे मणी आहेत, काहींवर पांढरी नक्षी. अकीक, ज्याला इंग्रजीत कार्नेलियन म्हणतात. हे मणी साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीच्या प्रदेशातून समुद्रमार्गे तिकडे गेले. त्या काचेसमोर मी बराच वेळ उभी होते. इंग्रज जन्मालाही आले नव्हते तेव्हा आपला माल इराकमध्ये विकला जात होता, आणि तो विकला जात होता, नेला जात नव्हता.

ऊरचं उत्खनन लेनर्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात केलं. खर्च म्युझियम आणि अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांचा. सापडलेल्या वस्तूंची वाटणी झाली, काही बगदादला, काही फिलाडेल्फियाला, काही लंडनला. व्हाउचर आहे, सही आहे, कायदा आहे. फक्त इराकचा तो कायदा तयार करण्यात पुढाकार होता गर्ट्रूड बेल या इंग्रज बाईंचा, आणि देशावर वर्चस्वही तेव्हा इंग्रजांचंच. इन्स्पेक्शनच्या भाषेत सांगायचं तर कर्ज मागणारा आणि मंजूर करणारा एकाच घरातला. नियमात बसतं, पण शेरा मारावा लागतो.

या मातीच्या टिकल्यांशी जोडलेला एक माणूस मला फार आवडतो, त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. जॉर्ज स्मिथ. गरीब घरातला, चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि नोटांसाठी कोरीव काम करणाऱ्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. जेवणाच्या सुट्टीत चालत म्युझियममध्ये यायचा आणि त्या बाणाच्या टोकांसारख्या खुणा बघत बसायचा. असं करता करता ती लिपी स्वतःच शिकला. इतकी की पुढे म्युझियमनेच त्याला कामावर घेतलं. असुरबनिपाल राजाच्या निनेवे इथल्या ग्रंथालयाचे हजारो तुकडे तिथे पडून होते. १८७२ मध्ये त्यातला एक तुकडा वाचता वाचता त्याला दिसलं, की महापूर येतो, एक माणूस नाव बांधतो, नाव डोंगराला टेकते, मग पाणी ओसरलं का बघायला पक्षी सोडले जातात. बायबलमधली नोहाची गोष्ट, पण तिथे ती बायबलच्याही आधीची! असं सांगतात की आनंदाच्या भरात तो खोलीभर धावला आणि अंगावरचे कपडे काढायला लागला. सभ्य इंग्रजांच्या कार्यालयात! आपल्याकडे मनू आणि माशाची गोष्ट आहे, ती तुम्हाला आठवली असेलच.

त्या डिसेंबरमध्ये स्मिथने हे भर सभेत वाचून दाखवलं, तेव्हा खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन ऐकायला होते. एका वर्तमानपत्राने पैसे देऊन त्याला निनेवेला पाठवलं, आणि गोष्टीचा हरवलेला भाग शोधायला गेलेल्या या माणसाला तिथल्या ढिगाऱ्यात खरंच एक नवा तुकडा सापडला. १८७६ मध्ये तिसऱ्या फेरीत अलेप्पोजवळ आजारी पडून तो गेला. वय ३६. म्युझियम काय करू शकतं असं कोणी विचारलं तर मी पुतळ्यांचं नाव घेत नाही, या मुलाचं घेते.

त्या इमारतीच्या मधोमध गोल घुमटाचं वाचनालय आहे, १८५७ चं. कार्ल मार्क्स तिथे बसायचे हे सगळे सांगतात. आपण हे सांगायला हवं की १९२० नंतरच्या लंडनच्या वास्तव्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे तासन्‌तास वाचत बसत. त्यांचा तिथला प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर, आम्हा बँकवाल्यांच्या विषयावर. पुस्तकं आता वेगळ्या इमारतीत, ब्रिटिश लायब्ररीत गेली आहेत.

रोझेटा स्टोनबद्दल थोडक्यात. गर्दी इतकी की पंढरपूरच्या दर्शनबारीची आठवण व्हावी. इसवी सनपूर्व १९६ मधला हा दगड म्हणजे पुरोहितांनी काढलेलं परिपत्रक, त्यात देवळांना मिळालेल्या करसवलतीही आहेत. मजकूर एकच, लिहिला तीन प्रकारे, दोन इजिप्शियन लिप्यांत आणि ग्रीकमध्ये. आमच्या बँकेत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन ओळींच्या पाट्या असायच्या, तसंच. त्या त्रिभाषा धोरणामुळेच फ्रान्सच्या शाँपोल्यॉनला १८२२ मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडता आली. गर्दी समोरून फोटो काढत असते. तुम्ही बाजूला जा. दगडाच्या कडेवर इंग्रजीत रंगवलंय, की ब्रिटिश सैन्याने १८०१ मध्ये इजिप्तमध्ये हस्तगत केला. सापडला होता फ्रेंचांना, फ्रेंच हरले, तहात दगड इंग्रजांकडे गेला. इजिप्तच्या माणसाला कोणी विचारलं नाही. पण निदान इथे व्हाउचर वस्तूवरच लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही.

आणि आता ज्या दालनासाठी मी मुख्यतः इथे उभी आहे ते, अमरावतीचं दालन. विदर्भातली अमरावती नव्हे, आंध्रातली, गुंटूरजवळची, कृष्णाकाठची. हीच कृष्णा, जी आपल्या घाटाला लागून वाहते, जिच्यात पोहायला गेल्याबद्दल इथल्या अर्ध्या लोकांनी छड्या खाल्ल्या. महाबळेश्वरला उगम पावून, आपल्यावरून जाऊन, ती पुढे जिथे समुद्राच्या जवळ येते, तिथे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्धांचा एक प्रचंड स्तूप होता. त्याचे सुमारे १२० कोरीव दगड लंडनला काचेमागच्या एका खोलीत आहेत. तिथे गर्दी नसते. एकदा तर तासभर मी आणि एक पहारेकरी, दोघंच.

दगड फिकट, हस्तिदंतासारखे. त्यावर माणसं नुसती खच्चून भरलेली. हत्ती, घोडे, नाचणाऱ्या बायका, खिडकीतून डोकावणारी पोरं. एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. आधीच्या बाजूवर झाड आणि त्याखाली रिकामं आसन, कारण तेव्हा बुद्ध माणसाच्या रूपात दाखवत नसत. दोन-तीनशे वर्षांनी कोणीतरी तीच शिळा उलटी करून मागच्या बाजूवर अख्खा स्तूप कोरला. पाठकोरा कागद! मला आपल्या गणिताच्या सरांची आठवण झाली.

हा स्तूप सातवाहनांच्या काळात वाढला. सातवाहन म्हणजे आपले पैठणचे. नाशिकच्या पांडवलेण्यात ज्या पुळुमावी राजाचं नाव कोरलंय, तेच नाव अमरावतीच्या लेखांतही सापडतं. तिथे दान देणाऱ्यांचीही नावं आहेत, आणि ते सगळे राजे नाहीत. चर्मकार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, भिक्षुणी आहेत. या सभागृहाबाहेर देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे ना, अगदी तशीच यादी.

आता व्हाउचर. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्नल मॅकेंझी तिथे पोचले तेव्हा स्थानिक जमीनदार त्या टेकाडातले दगड नव्या बांधकामासाठी काढत होता. १८१६ मध्ये ते परत आले तोवर मधला भाग पोखरून तिथे तलाव केलेला. संगमरवरासारखा दिसणारा तो चुनखडक, त्यामुळे कितीतरी दगड भट्टीत जाऊन चुना झाले. मॅकेंझींच्या माणसांनी उरलेल्याची चित्रं काढली. १८४५ मध्ये वॉल्टर एलियट यांनी आणखी दगड काढून मद्रासला नेले, तिथे ते वर्षानुवर्षं उघड्यावर ऊनपावसात पडले. १८५९ मध्ये जहाजाने लंडनला. आणि लंडनमध्ये? तिथेही एका गाडीखान्यात पडून होते, १८६७ च्या सुमाराला फर्ग्युसन नावाच्या अभ्यासकाच्या नजरेस पडले तेव्हा कुठे हलले. म्युझियमकडे आले १८८० मध्ये. पुढे बरीच वर्षं तळघरात, आणि आजचं दालन झालं १९९२ मध्ये.

हे सगळं वाचल्यावर दोन वाक्यं तोंडावर येतात. एक, इंग्रजांनी लुटलं. दुसरं, इंग्रजांनी वाचवलं. दोन्ही वाक्यं बोलणाऱ्यांशी मी भांडले आहे, त्यात माझा जावईही आला. भट्टी आपल्या माणसांनी पेटवली होती, हे खरं. पण जहाजात घालताना ज्यांची नदी, ज्यांचे दगड, त्यांना विचारलं नव्हतं, हेही खरं. आणि वाचवलं म्हणणाऱ्यांनी त्या गाडीखान्याचा हिशोब द्यावा. एक बाजू घेतली की हिशोब सोपा होतो, पण टॅली होत नाही. माझं मत विचाराल तर ते दगड निदान दीर्घ मुदतीसाठी कृष्णाकाठी यावेत. चेन्नईच्या संग्रहालयात त्यांचे भाऊबंद आहेतच, आणि आता त्यांना भट्टीत कोणी घालणार नाही.

ग्रीसचं प्रकरण तुम्ही पेपरात वाचता. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं लॉर्ड एल्गिनने उतरवून आणली आणि १८१६ मध्ये ३५,००० पौंडांना सरकारला विकली. परवानगी होती म्हणतात, तुर्की सुलतानाच्या दरबाराची. ते मूळ फर्मान मिळत नाही, आहे ते त्याचं इटालियन भाषांतर. मूळ कागद नाही, दुसऱ्या भाषेतली नक्कल आहे! अशा कागदावर मी शेतकऱ्याला पंप-कर्ज मंजूर केलं नसतं. परत द्यायचं म्हटलं तरी १९६३ चा त्यांचा कायदा म्युझियमला वस्तू सहसा देऊ देत नाही.

आणि तळमजल्याखाली आफ्रिकेचं दालन, तिथे बेनिनचे पितळी पत्रे. १८९७ मध्ये इंग्रज फौजेने आज नायजेरियात असलेलं बेनिन शहर जाळलं आणि राजवाड्यातल्या हजारो वस्तू नेल्या. त्यातल्या नऊशेच्या वर इथे आहेत. यावर मी काही बोलत नाही. इंग्रजीतला 'लूट' हा शब्द आपल्याच भाषांतून त्यांनी नेला, तोही परत केलेला नाही.

एक गोष्ट मात्र मला खरंच धक्का देऊन गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये म्युझियमने जाहीर केलं, की त्यांच्या कोठारातल्या सुमारे २,००० वस्तू चोरीला गेल्यात, नाहीतर हरवल्या किंवा मोडल्यात. खड्यांचे दागिने, कोरीव रत्नं अशा लहान वस्तू. संचालकांनी राजीनामा दिला. चोरी इतकी वर्षं कळली का नाही? कारण त्यातल्या बऱ्याचशा वस्तूंची नीट नोंदच नव्हती. जगाला 'आमच्याकडे सुरक्षित आहे' म्हणून सांगणारी तिजोरी, आणि तिच्या रजिस्टरात कोरी पानं! त्यानंतर त्यांनी पाच वर्षांत सगळ्या संग्रहाची नोंद पुरी करायचं ठरवलं.

मला इथले लोक हमखास विचारतात, वाघनखं बघितलीस का? ती ब्रिटिश म्युझियममध्ये नव्हतीच, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये होती. जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याला आली, तीन वर्षांसाठी, उसनी. आणि ती महाराजांचीच, याची खात्री देता येत नाही असं ते म्युझियमच सांगतं, हेही माहीत असावं. ब्रिटिश म्युझियमच्या वस्तूही मुंबईला येऊन गेल्या आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१२ मध्ये ममी आली, २०१३ च्या डिसेंबरात इराणच्या सायरस राजाचा मातीचा लेख आला, २०१७ मध्ये 'भारत आणि जग' हे मोठं प्रदर्शन झालं. मुंबई म्हणजे इथून रात्रीची एसटी.

शेवटी कामाचं बोलते. म्युझियममधल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. अमरावतीच्या त्या पाठकोऱ्या शिळेचा आहे १८८०, ०७०९, ७९. म्हणजे १८८० साल, सातवा महिना, नववी तारीख, त्या दिवशीची एकोणऐंशीवी वस्तू. इतकं सोपं. आपल्या शाळेच्या माळ्यावर कापडी नकाशे आहेत, प्रयोगशाळेतला तराजू आहे, पायपेटी आहे, स्वातंत्र्याच्या आधीची हजेरीपत्रकं आहेत, आणि नदीकडच्या भिंतीत उलटा बसवलेला एक वीरगळ आहे, ज्यावर आपण सगळे दप्तर ठेवायचो. कशाचीच नोंद नाही. मी एक जाड बांधणीची वही आणली आहे, ती मुख्याध्यापकांकडे देते. रकाने आखलेत: क्रमांक, वस्तू, कोणी दिली, कधी, कशी. सुट्टीत मी आणि वर्गातल्या दोघीतिघी येऊन लिहायला बसणार आहोत, ज्यांना जमेल त्यांनी यावं.

पहिली नोंद मी सकाळीच केली, आजच्या तारखेची, क्रमांक १. ऑफिसबाहेरची पितळी घंटा. 'कोणी दिली' हा रकाना मात्र रिकामा आहे. सरांना विचारलं, ते म्हणाले ते नोकरीला लागले तेव्हा होतीच. शिपाईमामांचा मुलगा इथे आला आहे असं ऐकलं. तो, किंवा ज्याला कोणाला ठाऊक असेल त्याने, चहाच्या वेळी मला गाठावं. मी डाव्या बाजूला, पाण्याच्या पिंपाजवळ आहे.